सात खुर्च्यांची तालीम

आमच्या घरात कुठलीही वस्तू तालमीशिवाय येत नाही. हा सासऱ्यांचा नियम. फ्रिज घ्यायचा होता तेव्हा त्यांनी पुठ्ठे कापून, चिकटपट्टीने जोडून, फ्रिजच्या मापाचं खोकं स्वयंपाकघरात उभं केलं आणि आठवडाभर मी त्या खोक्याला वळसे घालत स्वयंपाक केला. कपाटाच्या वेळी खडूने जमिनीवर चौकोन आखला होता. त्यावर चुकून पाय पडला की ते ओरडायचे, "कपाटातून कुठे चाललीस?" जन्मभर त्यांनी एका कारखान्याचं गोदाम सांभाळलं. निवृत्त झाल्यावर गोदाम सुटलं, आखणी अंगात राहिली, आणि ती जिरवायला आम्ही सापडलो. एवढं आखूनसवरून ते कपाट शेवटी खोलीत आलंच नाही, कारण दाराचं माप घ्यायचं राहून गेलं होतं. अजून ते गॅलरीत आहे. त्याविषयी घरात कुणी बोलत नाही.

तर मला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि मोठी गाडी घ्यायचं ठरलं. जुनी गाडी लहान. म्हणायला ती सगळ्यांची, चालवायची मी. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पाकिटात अगदी जपून ठेवलेलं. लग्नानंतर त्याने एकदाच गाडी बाहेर काढली आणि फाटकाच्या खांबाला घासली. खांब होता तिथेच होता, तरी दोष खांबाचा ठरला. तेव्हापासून तो माझ्या शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकतो. सासऱ्यांना दवाखान्यात, सासूबाईंना त्यांच्या बहिणीकडे, दिराला जिममध्ये, मुलांना शाळेत आणि नवऱ्याला ऑफिसात सोडून मग मी माझ्या कामावर जाते. मी दातांच्या कवळ्या बनवते. सासऱ्यांच्या तोंडातली कवळीही माझ्याच हातची. माझेच दात घालून ते माझ्यावर दातओठ खातात. संध्याकाळी सगळ्यांना पुन्हा गोळा करून घरी आणते. सासूबाई बहिणीला फोनवर सांगतात, "गाडीने सोडलं." दीर मित्रांना सांगतो, "गाडी येईल न्यायला." जशी काही गाडी म्हणजे घरचं शहाणं जनावर, आपलं आपण जातं आणि आपलं आपण येतं.

या खेपेला माझा रक्तदाब वर जायला लागला आणि डॉक्टरीणबाईंनी बजावलं, आता गाडी चालवणं बंद. मी हे घरी जेवताना सांगितलं. सासरे म्हणाले, "डॉक्टर सगळ्यांनाच असं सांगतात." मग त्यांनी आमटी वाढायला सांगितली.

धाकट्याच्या वेळी कळा सुरू झाल्यावर मीच गाडी चालवत हॉस्पिटल गाठलं होतं. नवरा शेजारी बसून स्वतःचा घाम पुसत होता. ती हकिकत घरात पाहुण्यांना हौसेने सांगतात, आमची सून म्हणजे वाघीण आहे वाघीण. वाघिणीला त्या वेळी काय वाटलं हे कुणी विचारलं नाही. मला भीती वाटली होती. प्रत्येक सिग्नलला वाटत होतं की आता इथेच, या लाल दिव्याखाली, स्टिअरिंग धरून मी बाळंत होणार. ती भीती मला पुन्हा नको होती. म्हणून नवऱ्याला मी एकच अट घातली.

"गाडी कुठलीही घ्या. पण चालवायची तू. मला हॉस्पिटलला तू न्यायचं आणि येताना बाळाला घेऊन मी मागे बसणार."

"अगं हो, हो. गाडी तर येऊ दे आधी."

गाडी अजून पसंतही पडली नव्हती आणि दिवाणखान्यात खुर्च्या लागल्या. बाजारात तुरी, दुसरं काय. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा सगळे आपापल्या जागी स्थानापन्न झाले होते. ड्रायव्हरच्या जागी चाकांची खुर्ची होती आणि तीत माझा नवरा हातात स्टीलची ताटली धरून बसला होता. चाळिशीला आलेला माणूस ताटली डावीउजवीकडे फिरवत होता, पण खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. म्हटलं, अट लक्षात आहे म्हणायची.

मग मी बाकीच्या खुर्च्या पाहिल्या. नवऱ्याशेजारी सासरे. मधल्या रांगेत एका खिडकीशी सासूबाई आणि दुसऱ्या खिडकीशी दीर, कारण त्याचे पाय लांब आहेत आणि त्या पायांनी त्याला काही करायचं नसलं तरी ते लांबवायला जागा लागते. मागे मुलगी आणि मुलगा एकमेकांना कोपरं मारत होते. सासूबाई आणि दीर यांच्या मधल्या खुर्चीवर बाळाच्या जागी कुकर ठेवला होता, तोही ओढणीने बांधून. आठवी खुर्ची मी शोधली. ती नव्हती.

कुणाच्या लक्षात आलं नाही. मी चहा द्यायला दोन खुर्च्यांच्या मधून वाकले तर सासरे खेकसले, "असं मधूनच काय शिरतेस? गाडीला भिंत असते. दार उघडून ये."

मी हातातला ट्रे सांभाळत हवेत दार उघडलं आणि सासूबाईंना चहा दिला. "लाव ते आता," सासरे म्हणाले. मी हवेत दार लावलं.

"बाबा, कुकर नेऊ का? स्वयंपाक व्हायचाय."

"थांब जरा. बाळाची जागा आहे ती."

बोलले असते तर लगेच मिटलं असतं, हे मला कळत होतं. "अरे, हो की!" म्हणून सगळे हसले असते आणि कुणीतरी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून मध्ये टाकलं असतं. मला ते स्टूल नको होतं. या घरात आपल्याला आपणहून कुणी मोजतं का, एवढंच मला बघायचं होतं. म्हणून मी मूग गिळून बसले. बसले कसली, उभी राहिले.

रोज संध्याकाळी तालीम होऊ लागली. सासूबाईंना एक दिवस डावी खिडकी हवी असे, दुसऱ्या दिवशी उजवी. दिराचा गुडघा पुढच्या खुर्चीला लागतो म्हणून पुढची रांग चार बोटं सरकवली, की सासऱ्यांचे पाय टीपॉयला, म्हणजे इंजिनाला लागत. यावर मोठमोठ्याने वाद झाले, रुसवेफुगवे झाले, एकदा तर सासूबाई चालत्या गाडीतून उतरून आत निघून गेल्या. कुकर कुठे ठेवावा यावर सगळ्यांची मतं होती. बाळाला ऊन लागेल, बाळाला वारा लागेल. त्या रिकाम्या भांड्याची एवढी काळजी चाललेली आणि खरं बाळ माझ्या पोटात लाथा मारत होतं, गॅससमोर.

एकदा मी नवऱ्याला विचारलं, "गाडी हाताखालून घालायला कधी सुरुवात करतोस? ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन ये ना चार दिवस."

"सराव चालूच आहे की रोज," तो म्हणाला. हा विनोद नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो सराव आहे.

"आणि सगळे नीट मावतात ना?"

"एकदम फिट्ट."

माझ्याकडे बघून म्हणाला हे.

शोरूममध्ये एक टायवाला विक्रेता आम्हाला भेटला. त्याच्या पुढच्या दातांवरच्या टोप्या कुणा कसायाने बसवल्या असाव्यात, पण हसण्यात कमी नव्हता. "किती माणसं, साहेब?" त्याने विचारलं. "सात," सासरे म्हणाले, "होणारं बाळ धरून." टायवाल्याने आमच्या घोळक्यावरून नजर फिरवली, माझ्या पोटापाशी थांबला, पुन्हा फिरवली. मोजता येत असावं त्याला. तो म्हणाला, "यापेक्षा थोडी मोठी बघता का? तीत नऊ बसतात."

"रिकाम्या जागा घेऊन कशाला हिंडायचं?" सासरे म्हणाले.

"मॅडमना काही विचारायचंय?"

"तिचं काही नसतं," नवरा म्हणाला. "ती कुठलीही चालवते."

मला वाटलं होतं की ऐकून राग येईल. राग नाही आला. नवऱ्याचा चेहरा मी नीट बघितला आणि मला त्याची सरळ सरळ किळस आली. वाईट माणूस नाही तो, हे सगळे सांगतात. वाईट व्हायलाही थोडं लक्ष द्यावं लागतं दुसऱ्याकडे.

सात जणांची गाडी ठरली. ती ताब्यात घ्यायच्या दिवशी दुपारी माझी तपासणीही होती. मी सकाळीच सांगितलं, येताना मला हॉस्पिटलला सोडा. "बघू," नवरा म्हणाला. जुनी गाडी शोरूमवाल्यांनी आधीच नेली होती, म्हणून दोन टॅक्सी करून आम्ही गेलो. बाळाची सीट दिराने उत्साहाने बसवून घेतली होती. टायवाल्याने पुठ्ठ्याची भलीमोठी चावी सासऱ्यांच्या हातात दिली आणि सगळे गाडीत शिरले. एवढ्या तालमीनंतर शिरणारच, कुणी कुणाच्या पायावर पायसुद्धा दिला नाही. काचा खाली करून सगळे हसले आणि मी त्यांचा फोटो काढला. नवरा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता आणि क्षणभर, मूर्खासारखं, मला पुन्हा वाटलं की हा नेईल.

तो खाली उतरला आणि चावी माझ्यापुढे धरली.

"घे. चल लवकर."

"मी? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"अगं, घरापर्यंतच तर न्यायचीय. नवीकोरी गाडी, माझ्याकडून कुठे घासली तर?"

"आणि हॉस्पिटल?"

"ते वाटेवरच आहे ना. तू तशीच ने."

"बरं. मग तू कुठे बसणार?"

त्याने गाडीत पाहिलं. त्याचे ओठ हलताना मला दिसले, मोजत होता. एकदा मोजून झाल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. "बाबा," तो म्हणाला, "एक जागा कमी पडतेय."

"कशी पडेल? तालमीत बरोबर होतं," सासरे म्हणाले आणि मान बाहेर काढून माझ्याकडे बघू लागले. गोदामात हिशेबापेक्षा एक खोकं जास्त निघावं, तसं.

"तुम्ही उतरता का कुणी?" मी विचारलं. सासूबाईंनी गुडघे चोळले. दिराने फोन बाहेर काढला आणि त्यातच बघत तोडगा सांगितला, "वहिनी, बाळाची सीट काढून टाकू. दादा बसेल तिथे. बाळ अजून आलंय कुठे?"

"आणि आल्यावर, भावजी?"

"आल्यावर माझ्या मांडीवर राहील," सासूबाई म्हणाल्या. "तू गाडी चालवताना तुला थोडंच घेता येणार आहे?"

सगळ्यांना ते एकदम पटलं. माझ्या बाळाची जागा नवऱ्याला, बाळ सासूबाईंना आणि चावी मला. दीर पट्टे सोडवायला लागलासुद्धा.

"हात लावू नका त्या सीटला," मी म्हणाले. आवाज चढवला नाही, तरी पलीकडच्या टेबलाशी बसलेल्यांनी वळून पाहिलं. नवऱ्याच्या दंडाला धरून मी त्याला पुन्हा ड्रायव्हरच्या जागी बसवलं, पट्टा ओढून लावला, चावी त्याच्या मुठीत कोंबली. "सात जणांची गाडी आहे, तुम्ही ठरवल्याप्रमाणे बसा. त्यातलं एक अजून पोटात आहे, तेवढं मी नेते."

दार लावलं. या वेळी खरं होतं, चांगलं धाडकन लागलं. मुलांना मागे हात केला. तो गाडी हलवणार नाही याची मला शंभर टक्के खात्री होती, नाहीतर पोरांना मी त्याच्या भरवशावर सोडलं नसतं.

रस्त्यावर येऊन टॅक्सी थांबवली आणि मागे बसले. चप्पल काढून पाय सीटवर घेतले. ड्रायव्हर एका हाताने कान कोरत होता, खड्डे चुकवायच्या ऐवजी शोधत होता आणि गाडीत कसलातरी उग्र वास मारत होता. यथातथाच होता सगळा प्रकार. पण तो चालवत होता आणि मी मागे बसले होते. किती तरी वर्षांनी मी रस्त्याच्या कडेची दुकानं बघितली.

फोन वाजला. नवरा.

"अगं, कुठे आहेस? सगळे खोळंबलेत. गाडी दारातच उभी आहे, मागे दुसऱ्यांच्या गाड्या अडकल्यात. तू ये ना परत."

"येते. कुठे बसू ते सांग."

मी वाट पाहिली. अजूनही त्याने "माझ्या जागी बस, मी रिक्षाने येतो" म्हटलं असतं तरी मी टॅक्सी वळवली असती, एवढी मी वेडी आहे. मागून सासऱ्यांचा आवाज आला, वैतागलेला, अगदी मनापासूनचा.

"कुठे म्हणजे? ड्रायव्हरच्या जागी!"

"ऐकलंस ना?" नवरा म्हणाला.

मी फोन बंद केला आणि पुढे वाकून ड्रायव्हरला म्हटलं, "तुमचा नंबर द्या. येत्या महिन्यात कधीही बोलवीन, वेळ सांगता येत नाही. याल?"

"येईन की," तो म्हणाला. "बरोबर कुणी असेल का?"

"नाही," मी म्हटलं, "येताना एक असेल."