मास्तरांचा सिनेमाचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. हे वाचून तुमच्यातल्या काही जणांच्या पोटात गोळा आला असेल, तर घाबरू नका. माझ्यावर पाढे कुणी कधी लिहिले नाहीत. ते माझ्या थोरल्या भावाच्या वाट्याला आले. एका सुताराने एकाच लाकडातून आम्हां दोघांना कापलं, रंधा मारला, काळा रंग दिला. थोरला तडक शाळेत गेला. माझ्या उजव्या कोपऱ्यात लाकडाची एक गाठ होती, म्हणून शाळेने मला नापास केलं. शाळेत जाण्याआधीच नापास झालेला मी बहुधा एकटाच असेन!

मग शिंपीमास्तरांनी मला नेलं. त्यांचं दुकान छोटं होतं. दोन शिलाई मशिनं, कापडं कापायचं लांब टेबल, एक आरसा आणि काज-बटणं करायला बसणाऱ्या काकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी. मला बाहेर दाराशेजारी टांगलं. कुणाचे कपडे तयार झाले ते माझ्यावर लिहायचं, एवढंच काम. 'दातांच्या डॉक्टरबाई : दोन झगे तयार.' 'बसवाले काका : पँट अजून नाही, रागावू नये.' कामात राम नव्हता असं नाही, पण जीव रमत नव्हता हे खरं.

मास्तरांना मात्र एक वेड होतं. दर शुक्रवारी दुपारी ते दुकान काकूंवर सोपवायचे आणि कोपऱ्यावरच्या थिएटरात नवा सिनेमा बघायला जायचे. कुठलाही सिनेमा लागो, भुताचा, मारामारीचा, प्रेमाचा, रडका, मास्तर हजर. एका शनिवारी सकाळी ते आले, गळ्यातली मापाची टेप सारखी केली आणि कापडावर खुणा करायच्या चपट्या खडूने त्यांनी माझ्यावर लिहिलं, 'काल भुताचा सिनेमा पाहिला. भूत पहिल्या दहा मिनिटांतच दिसतं. नंतर त्याची ओळख होते आणि ते शेजारी राहायला आल्यासारखं वाटतं. लहान मुलांना न्यायला हरकत नाही.'

रस्त्याने जाणारी माणसं थांबली. वाचून हसली. पुढच्या शनिवारी तीच माणसं पुन्हा थांबली, आणि येताना आणखी दोघांना घेऊन आली. माझं नशीब असं फळफळलं, आणि तयार कपड्यांची यादी दारामागच्या कागदावर गेली.

मास्तर सिनेमाकडेही शिंप्याच्याच नजरेने बघायचे. मारामारीच्या सिनेमावर त्यांनी लिहिलं, 'नायक चाळीस जणांना लोळवतो, पण शर्टाची इस्त्री मोडत नाही. तो शर्ट कुणी शिवला ते कळवावं.' अवकाशातल्या सिनेमावर लिहिलं, 'दोनशे वर्षांनी सगळे जण एकाच मापाचे चकचकीत कपडे घालणार आहेत म्हणे. सिनेमा चांगला आहे. बातमी वाईट आहे.' रडक्या सिनेमाला ते रुमालांचा हिशोब द्यायचे. एक रुमाल, दोन रुमाल. एकदा 'टॉवेल न्या' असं लिहिलं होतं. विनोदी सिनेमा आवडला तर लिहायचे, 'घट्ट कपडे घालून जाऊ नका, बटणं तुटली तर मी जबाबदार नाही.' आणि खुनाच्या सिनेमात खुनी कोण हे त्यांनी जन्मात कधी फोडलं नाही. फार तर एवढंच, 'कोटांकडे लक्ष असू द्या.'

त्यांचे दोन नियम होते. पहिला असा की, माप घेतल्याशिवाय कपडा नाही आणि माणूस बघितल्याशिवाय सिनेमा नाही. दातांच्या डॉक्टरबाई दिवसभर लोकांना घाबरवून कंटाळायच्या, त्यांना स्वतःला घाबरायला आवडे. मास्तर त्यांना भुताखेतांचे सिनेमे सुचवायचे. पाववाल्या मावशींना पडद्यावरचं रक्त बघवत नसे, पण चोर-पोलीस जीव की प्राण. त्यांना मास्तर सांगायचे, "नायिका जिना उतरायला लागली की डोळे मिटा. गाणं लागलं की उघडा." शाळेची बस चालवणाऱ्या काकांच्या पाठीमागे रोज चाळीस मुलं भांडायची. त्यांना मास्तरांनी समुद्राचा एक शांत सिनेमा सुचवला. काका परत आले ते खूश होऊन. "मास्तर, काय सिनेमा सांगितलात! इतकी गाढ झोप वर्षभरात लागली नव्हती." त्या दिवशी मास्तरांनी त्यांच्या पँटची लांबी दोनदा चुकवली.

दुसरा नियम जरा कडक होता. सिनेमा अगदीच टाकाऊ असेल, त्या शनिवारी फळा कोरा. एक अक्षर नाही. कोरा फळा दिसला की लोक समजायचे, हा सिनेमा खडू झिजवायच्याही लायकीचा नाही. इतक्या वर्षांत असं पाच-सहा वेळाच झालं असेल, कारण मास्तरांना वाईटातही काहीतरी बरं सापडायचं. काही नाही तर घोडे.

आता मास्तरांच्या लेकीबद्दल सांगतो. लहानपणी ती मशिनच्या पायाशी, आतल्या दोऱ्याच्या रिळासारखी, गोल गोल फिरायची, म्हणून सगळे तिला त्या रिळाच्या नावाने बॉबिन म्हणायचे. पहिली अक्षरं ती माझ्यावर शिकली. चार वर्षांची असताना तिने रस्त्यावर उभं राहून मोठ्याने वाचलं होतं, 'म-ध्यं-त-रा-नं-त-र झो-पा.' मोठी झाल्यावर ती दुसऱ्या शहरात गेली आणि सिनेमाचं संकलन शिकली. संकलन म्हणजे ढीगभर चित्रीकरणातून नको ते कापायचं आणि हवं ते जोडायचं. मास्तर गिऱ्हाइकांना सांगायचे, "कापायचं काम आमच्या घरातच आहे. मी कापड कापतो, ती सिनेमा कापते." हे वाक्य मी हजारदा ऐकलं. माप द्यायला आलेला माणूस हात वर करून उभा असे, त्यामुळे त्याला पळूनही जाता येत नसे.

मग माझे वाईट दिवस आले. प्रत्येकाच्या हातात फोन आला आणि सिनेमा कसा आहे ते फोन सांगू लागला. माझ्यासमोर कुणी थांबेना. दुकानाला रंग द्यायचा होता तेव्हा मला काढलं आणि कापडाच्या ताग्यांमागे तोंड भिंतीकडे करून उभं केलं. रंग वाळला, मी मात्र तिथेच. सव्वा वर्ष मी भिंत बघितली. मित्रांनो, भिंतीवर काहीही घडत नाही.

माझी सुटका केली ती पाववाल्या मावशींनी. एक दिवस त्या दुकानात येऊन धपकन बसल्या. "मास्तर, तो फळा लावा बाई परत. फोन सगळ्यालाच चांगलं म्हणतो. आणि डोळे कुठे मिटायचे ते सांगतच नाही! परवा रक्त बघून मला जेवणच गेलं नाही." मास्तरांनी मला बाहेर काढलं, कोरड्या फडक्याने पुसलं आणि जुन्याच खिळ्यावर टांगलं. लोक परत येऊ लागले. थोडे आले, पण आले.

आणि एका शुक्रवारी बॉबिनने संकलन केलेला पहिला सिनेमा आमच्या कोपऱ्यावरच्या थिएटरात लागला.

आठवडाभर मास्तरांचे पाय जमिनीवर नव्हते. बॉबिन शनिवारी घरी येणार होती. फोनवर ती म्हणाली होती, "बाबा, वर्तमानपत्रात काय येईल ते येऊ दे. मला फळ्यावर काय येतं ते बघायचंय. आणि खरं लिहायचं हं." मास्तर शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून गेले आणि परत आले ते सरळ मशिनवर बसले. काकूंनी विचारलं, "कसा होता?" मास्तर म्हणाले, "तिचं नाव छान मोठ्या अक्षरात आलं." यावरून काकू काय ते समजल्या.

शनिवारी सकाळी मास्तर खडू घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. 'मध्यंतराआधी सैल' एवढं लिहिलं आणि पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. मला कळलं. सिनेमा मध्यंतरापर्यंत सैल होता. लांबला, रेंगाळला. आणि सैल राहिला म्हणजे कापणाऱ्याचा हात चुकला, हे शिंप्याला कुणी सांगायला नको.

काकू दारात आल्या. "अहो, लिहा की चांगलं. एकदा खोटं लिहिलंत तर काय आभाळ कोसळणार आहे?"

"याच्यावर मी कधी खोटं लिहिलं नाही."

"मग खरं लिहा."

"पोरीचं पहिलं काम आहे गं."

इकडे आड, तिकडे विहीर! मास्तरांनी खडू खिशात टाकला आणि आत जाऊन मशिनवर बसले. मी तसाच राहिलो, कोरा. आपण काय करून बसलो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. स्वतःचा नियम ते स्वतःच विसरले होते. रस्ता मात्र विसरला नव्हता. डॉक्टरबाई थांबल्या, माझ्याकडे बघून चुकचुकल्या आणि गेल्या. बसवाले काका हळूच म्हणाले, "अरेरे, पोरीचा सिनेमा इतका?" मला ओरडून सांगावंसं वाटलं की, तसं नाही हो! पण फळ्याला आपलं असं काही बोलता येत नाही. दुसऱ्याने लिहावं तेव्हा आम्ही बोलणार. इतकं वाईट मला त्या सव्वा वर्षातही वाटलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला बॉबिन आली. खांद्यावर बॅग, चेहऱ्यावर हसू. लहानपणापासून ती आधी माझ्याकडे बघते, मग दुकानात शिरते. तसंच तिने बघितलं. ते हसू गेलं. ती आत जाऊन टेबलाशेजारच्या बाकावर बसली.

"बाबा, इतका वाईट आहे?"

मास्तरांनी मान वर केली नाही. "कोण म्हणालं?"

"फळा म्हणाला."

मशिन थांबलं. मास्तर उठले, दारात आले, माझ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, ते तसं नाही. मला लिहिताच येईना, म्हणून राहिलं."

बॉबिन बोटांवर मोजू लागली. "त्या तीन तासांच्या लढाईच्या सिनेमाला तुम्ही चार ओळी दिल्या होत्या. त्यातल्या घोड्यांना दोन. मला एक नाही?"

मास्तरांनी खिशातून खडू काढला. तो माझ्यावर जोरात दाबून धरला. पाववाल्या मावशी समोरून येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टरबाई शेजारच्या आपल्या दवाखान्याच्या पायरीवर आल्या. आणि मास्तर लिहू लागले.

'हा सिनेमा माझ्या लेकीने कापला आहे. मध्यंतरापर्यंत दोन बोटं सैल आहे, आत घ्यायला हवा होता. मध्यंतरानंतर अंगाला बरोबर बसतो. शेवटी मुलगी घर सोडून जाते आणि आई दार लावते. दार लागल्यावरही आपण त्या बंद दाराकडे बघत राहतो. तिथे मी असतो तर कापलं असतं, आणि चूक केली असती. कात्री कुठे थांबवायची हे मी तिला शिकवलेलं नाही. ते तिचं ती शिकली. मी आज पुन्हा जाणार आहे.'

पुन्हा जाणार असं मास्तरांनी माझ्यावर कधीच लिहिलं नव्हतं.  काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

बॉबिनने सगळं वाचलं. परत वाचलं. मग नाक ओढत म्हणाली, "दोन बोटं नाही बाबा, चांगला तीन बोटं सैल आहे. मी कापला होता. दिग्दर्शकांनी परत जोडायला लावला. मी भांडले त्यांच्याशी, पण माझं कोण ऐकतंय!"

"आणि ते दार?"

"ते कापा म्हणत होते. ते मात्र मी कापू दिलं नाही."

मास्तर हसले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. खिशात रुमाल नव्हता. इतक्या वर्षांत लोकांना किती रुमाल न्यायला सांगितले, स्वतःला एक नाही. शेवटी बॉबिनने कापायच्या टेबलावरची एक चिंधी दिली. दुपारी तिघं मिळून सिनेमाला गेली. बसवाले काकाही गेले, आणि या खेपेला ते झोपले नाहीत, असं स्वतःच सगळ्यांना सांगत होते.

आता मी म्हातारा झालो आहे. गाठीच्या कोपऱ्याला चीर गेली आहे, रंग विटला आहे. पण शनिवारी अजून माझ्यावर दोन ओळी येतात आणि त्या वाचायला चार माणसं थांबतात. याहून जास्त मला काय हवं? मागच्या शनिवारी बॉबिनच्या चौथ्या सिनेमाबद्दल मास्तरांनी लिहिलं, 'अर्धं बोट घट्ट आहे.' ती अजून भांडते आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला ओल्या फडक्याने खसाखसा घासू नका. कोरड्या फडक्याने हलकेच पुसा. आणि तुमच्या जवळच्या माणसाने मनापासून काही केलं आणि तुमच्यासमोर आणून ठेवलं, तर लाजेने किंवा भीतीने गप्प बसू नका. दोन बोटं सैल असेल तर तसं सांगा, पण सांगा. कोऱ्या फळ्यावर माणसं नको नको ते वाचतात.

त्या शनिवारी मास्तरांनी खडू फार दाबून लिहिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला पुसलं, तेव्हा सगळं गेलं, पण एक ओळ पुरती गेली नाही. ऊन तिरपं पडलं की ती अजून दिसते. कधी आमच्या दुकानावरून गेलात, तर थांबून बघा. 'ते तिचं ती शिकली.'