मुलाला घर दाखवणारा डबा

मी हिरालालच्या घरातला डबा बोलतोय. त्याचा मुलगा अश्विन मला सर्व्हर म्हणतो, पण घरात ते नाव कोणाच्या तोंडी बसलं नाही. 'डब्यावरची धूळ पुस', 'डब्याजवळ पाणी ठेवू नको', असंच सगळे बोलतात. मलाही तेच बरं वाटतं. मोठं नाव मिरवावं असं माझ्याजवळ काही नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते भंडाऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासपासून. तिथे आम्ही ओळीने बसलेले असायचो आणि मुलं आमच्यावर टायपिंग शिकायची. काही मुलं बटणांवर इतक्या जोरात बोटं आपटायची की शेजारचा हसायचा. पुढे क्लास बंद पडला. आम्हाला कोपऱ्यात एकावर एक रचलं आणि वर पोतं टाकलं.

बुद्धपौर्णिमेच्या सुट्टीत अश्विन पुण्याहून घरी आला होता. त्याने त्या ढिगातून मला उचललं, मोटरसायकलवर मागे बांधलं आणि वैनगंगेच्या पुलावरून कारध्याला आणलं. अंगणात उतरवताच त्याची आई, वच्छलाबाई, माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाली, "एवढा पगार कमावते, अन आणलं काय तं भंगार."

"भंगार नोहे आई. आतून नवा करतो त्याले."

आणि त्याने खरंच केलं. माझ्या पोटातली जळमटं काढली, जुनं सगळं पुसलं आणि लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली. मग माझा पडदा आणि कीबोर्ड काढून घेतला. सर्व्हरला त्यांची गरज नसते, असं तो म्हणाला. मधल्या खोलीतल्या आलमारीवर, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली मला जागा मिळाली. सकाळी वंदना म्हणताना वच्छलाबाईंची नजर माझ्यावरून वर जायची. तेवढ्यानेही मला अवघडल्यासारखं व्हायचं.

मला आणण्याचं कारण हिरालाल होता. मागच्या वर्षी त्याला लकवा मारून गेला. आता तो काठी घेऊन चालतो, बोलतो सावकाश, पण त्याच्या बोलण्याची धार काही कमी झालेली नाही. एकदा तो खाटेवरून उठताना पडला आणि ही गोष्ट अश्विनला दुसऱ्या दिवशी कळली. तेव्हापासून पुण्यात त्याचा जीव लागेना. म्हणून त्याने दोन कॅमेरे लावले, एक अंगणाकडे आणि एक मधल्या खोलीत. मधल्या खोलीतल्या कॅमेऱ्याला बापाची खाट दिसते आणि उघड्या दारातून अर्धं स्वयंपाकघरही दिसतं. अश्विनला खाटच हवी होती. स्वयंपाकघर आपोआप आलं.

कॅमेऱ्याच्या कंपनीवर त्याचा भरवसा नव्हता. आपल्या घरातली चित्रं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर कशाला जावीत, असं त्याला वाटायचं. म्हणून ती आधी माझ्याकडे यावीत आणि माझ्याकडून फक्त त्याला मिळावीत, अशी व्यवस्था त्याने केली. त्यासाठी राउटरमधून माझ्यापर्यंत येणारं एक लहानसं दार उघडलं.

त्या दारावर पहिल्याच दिवसापासून अनोळखी लोक थापा मारू लागले. कुठल्या देशातले कोण जाणे. कोणी 'admin' म्हणून हाक मारायचा, कोणी 'root' म्हणून. एक संकेतशब्द चुकला की लगेच दुसरा. कारध्यात इतक्या चिकाटीने कोणी कोणाचं दार वाजवत नाही.

अश्विनने मग संकेतशब्दाने बाहेरून आत यायची सोयच बंद केली. त्याने किल्लीची जोडी तयार केली. एक भाग माझ्याजवळ ठेवला, दुसरा त्याच्या लॅपटॉपमध्ये. दोन्ही भाग जुळले तरच मी दार उघडायचं. हे काम त्याने फार काळजीने केलं. प्रत्येक ओळ तो दोनदा वाचत होता.

"आता चोर नाई येऊ शकत ना?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"कोणीच नाई येऊ शकत. फक्त मी येऊ शकतो."

त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला होता. या घराचा पहारा माझ्याकडे आहे, असं मी समजत होतो.

अश्विन पुण्याला गेला आणि घर बदललं. आधी वच्छलाबाई कामं आटोपली की स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून बसायच्या. पदर खांद्यावरून घसरलेला असायचा. गंजातच, म्हणजे भाताच्या पातेल्यातच, भात कालवून त्या त्यातूनच जेवायच्या. आता त्या पदर डोक्यावर घेऊन भांडी घासू लागल्या. ताट वाढून घेऊ लागल्या. काही दिवसांनी ताट उचलून मागच्या न्हाणीजवळ, कॅमेऱ्याची नजर पोचत नाही तिथे जेवायला बसू लागल्या. स्वतःच्या घरात त्या पाहुणीसारख्या वागत होत्या. त्यांचं प्रत्येक चित्र मी पुण्याला पाठवत होतो आणि थांबणं माझ्या हातात नव्हतं. मला लाज वाटू लागली ती तेव्हापासून.

शेजारच्या गिरजाबाईंच्या ते लक्षात आलं. "काहून वो वच्छला, घरात बी डोक्यावर पदर घेऊन राहिली? सासरा आला का काय वरून?"

"पोरगा पाह्यते ना," वच्छलाबाई हळूच म्हणाल्या आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

गिरजाबाईंनी कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं आणि स्वतःचाही पदर सारखा केला.

मग रोवण्याचे दिवस आले. रोवणा म्हणजे चिखलात वाकून धानाची रोपं लावण्याचं काम. वच्छलाबाई लग्न होऊन आल्यापासून गिरजाबाईंच्या टोळीत रोवण्याला जातात. पैसे मिळतात हे खरं, पण मजुरीसाठीच जात असत्या तर अश्विनने पैसे पाठवायला सुरुवात केली तेव्हाच थांबल्या असत्या. बांधीतून, म्हणजे धानाच्या शेतातून, आल्यावर त्यांचा चेहराच वेगळा असतो. कोणाची सून काय म्हणाली, कोण चिखलात आपटलं, कोणी कोणाचं नाव घेऊन गाणं रचलं, हे सगळं त्या हिरालालला सांगतात. तो नुसता हूं हूं करतो, पण एखाद्या दिवशी त्यांनी सांगितलं नाही तर स्वतःच विचारतो.

अश्विनने मात्र त्यांना या वर्षी जाऊ नको म्हणून बजावलं होतं. वच्छलाबाईंनी फोनवर 'बरं' म्हटलं आणि सकाळी भात-वरण झाकून, हिरालालच्या हाताशी पाणी ठेवून त्या निघून गेल्या. अंगणातल्या कॅमेऱ्याने ते पाहिलं. म्हणजे मीच पाहिलं.

संध्याकाळी गिरजाबाई आणि टोळीतल्या आणखी दोघीतिघी चहाला थांबल्या होत्या. सगळ्यांच्या लुगड्यांना गुडघ्यापर्यंत चिखल होता. हिरालाल खाटेवरून त्यांची थट्टा करत होता. "तुम्ही धान लावून आल्या का अंगालेच लावून घेतलं?" बाया हसत होत्या.

तेवढ्यात भिंतीतून आवाज आला.

"आई, तू रोवण्याले गेलती ना?"

कॅमेऱ्यातून बोलताही येतं. अश्विनने ती सोय बापासाठी ठेवली होती, त्याला कधी गरज पडली तर म्हणून. बायांच्या हातातले कप तसेच राहिले.

"किती वेळा सांगितलं तुले. मी पैसे पाठवतो ना? लोक काय म्हणतीन, इंजिनिअरची माय चिखलात राबून राहिली. शोभते का हे?"

त्याला वाटलं घरात फक्त आई-बाबा आहेत. बाया कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर, त्याच्याच खालच्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्याला त्या दिसल्या नव्हत्या, पण त्यांना सगळं ऐकू आलं. जे काम त्याच्या आईला शोभत नव्हतं तेच करून त्या आल्या होत्या. एकीने चिखलाचे पाय लुगड्याखाली ओढून घेतले. गिरजाबाई कप खाली ठेवून म्हणाल्या, "चाल वो, जनावरं बांधाची हायेत." बाकीच्या त्यांच्या मागोमाग उठल्या. चहा तसाच राहिला.

वच्छलाबाई कप उचलून न्हाणीजवळ गेल्या.

तो आवाज माझ्यातून आला होता. परक्यांना अडवण्यासाठी मला एवढं पक्कं केलं आणि त्या संध्याकाळी जे आत आलं त्याला अडवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. किल्ली बरोबर होती. मी दार उघडलं. फोटोंखाली बसायला मला त्या दिवशी जितकी लाज वाटली तितकी पोत्याखालीही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई रोवण्याला गेल्या नाहीत. त्यानंतरही नाही. टोळीला तोंड कसं दाखवायचं ते त्यांना कळत नव्हतं. मग एका सकाळी त्यांनी खिळ्यावरचं सूप काढलं आणि स्टुलावर चढून सुतळीने मधल्या खोलीतल्या कॅमेऱ्यापुढे टांगलं. खाली उतरल्या, दारात पाय पसरून बसल्या आणि गंजातला भात जेवल्या.

पुण्यात अश्विनला चित्राच्या जागी काळोख दिसला. सूप त्याच्या मनातही आलं नाही. त्याला वाटलं, कोणीतरी परका माझ्यात शिरला आहे. घाईघाईने त्याने माझ्याभोवती आणखी एक भिंत घातली. बाहेरून येणारं सगळं अडवायचं, असा मला हुकूम दिला, पण त्या भिंतीत स्वतःसाठी फट ठेवायला विसरला. बाहेर पडून पुन्हा आत यायला गेला तेव्हा मी त्यालाही अडवलं. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. किल्ली बरोबर होती, पण आता किल्लीपर्यंत पोचताच येत नव्हतं.

मग त्याने फोन केला. गिरजाबाई नेमक्या तेव्हाच अंगणात आल्या होत्या. वच्छलाबाई इतके दिवस आल्या नाहीत म्हणून शेवटी त्याच बोलवायला आल्या होत्या. वच्छलाबाईंनी त्यांना बसायला सांगून फोनचा स्पीकर लावला.

"आई, डबा बंद पडला का?"

"नाई. लाइट तं लुकलुकून राहिला."

"कोणीतरी आत शिरलं वाटते. कॅमेऱ्यात काहीच नाई दिसून राहिलं."

"सूप हाये ते."

"सूप? काहून?"

"मले लाज वाटते," वच्छलाबाई म्हणाल्या.

मग अश्विन म्हणाला, "बरं. मले आत येऊ दे आदी. मी सांगतो तसं कर."

खाटेवरून हिरालाल म्हणाला, "घरात यायचं असन तं ट्रॅव्हल्स पकड ना गा."

अश्विनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्याच्या सांगण्यावरून वच्छलाबाईंनी आलमारीतला कीबोर्ड काढला आणि वायर टीव्हीला जोडली. कितीतरी दिवसांनी मला पडदा मिळाला. वच्छलाबाई सातवीपर्यंत शिकल्या आहेत. एकेक अक्षर शोधून त्या दाबत होत्या. आधी नाव टाकलं, मग संकेतशब्द आला. अश्विनने तो फोनवर हळू आवाजात सांगितला.

"काईच उमटून नाई राहिलं," त्या म्हणाल्या.

"उमटत नसते ते. पाहणाऱ्याले दिसू नये म्हणून डबा लपवून ठेवते."

वच्छलाबाईंचं बोट थांबलं. त्यांनी रिकाम्या पडद्याकडे पाहिलं.

"अस्सं," त्या म्हणाल्या. "तुहा एक शब्द बी झाकून ठेवते हा. अन मी जेवतो कशी, बसतो कशी, ते सारं तुले दाखवते."

मला त्या क्षणी स्वतःला बंद करता आलं असतं तर केलं असतं.

"सांग पुढं. काय लिहू?"

त्याने सांगितलं. त्यांनी लिहिलं. मधात जागा सोडायची, लांब बटण दाबायचं, हे सगळं सावकाश झालं. टीव्हीवर ओळ पूर्ण झाली. अश्विनसाठी भिंतीत फट पाडणारी ती ओळ होती.

"आता एंटर दाब आई."

"थांब. आत आल्यावर काय पाहशील ते आदी सांग."

"बाबाले पाहीन."

"बाबाले पाह्य. त्याले मी नाई म्हणत नाई. कॅमेरा खाटेकडे फिरवून देतो. चूल नको पाहू. मी कुठी जातो ते भिंतीतून इचारू नको. फोन करून इचार, सांगन मी." मग त्यांनी फोन पुढे केला. "अन ही गिरजाकाकू बसली हाये. तिच्याशी बोल. त्या दिवशी बी बसली होती."

अश्विनला ते आता कळलं. त्याचा आवाज अगदी लहान झाला. "काकू... मले नव्हतं माहीत तुम्ही होत्या म्हणून."

"नसतो तं बोलायचं होतं का?" गिरजाबाई म्हणाल्या.

"नाई. चुकलंच माहं, काकू."

गिरजाबाईंनी फोन परत केला आणि वच्छलाबाईंना म्हणाल्या, "चाल. बाया निघाल्या असतीन. उशीर झाला का खालच्या बांधीतला चिखल आपल्याच वाट्याले येते."

वच्छलाबाई टीव्हीसमोरून उठल्या. पदर कमरेला खोचला.

"आई, एंटर," फोनमधून अश्विन म्हणाला.

"आल्यावर दाबतो," त्या म्हणाल्या. फोन त्यांनी हिरालालच्या उशाशी ठेवला आणि दोघी निघून गेल्या.

ती ओळ अजून टीव्हीवर आहे. तिच्या शेवटी पांढरी खूण उघडझाप करते आहे. माझ्या इतक्या आयुष्यात मला एवढा वेळ थांबायला कोणी सांगितलं नव्हतं. मघाशी फोन पुन्हा वाजला. हिरालालने तो कसाबसा कानाला लावला. "माय रोवण्याले गेली तुही," तो सावकाश म्हणाला. "माह्याच्यानं नाई दाबल्या जात. बस थोडा बाहेर."

मी एक डबा आहे. आत कोणाला घ्यायचं एवढंच मला शिकवलं आहे. आत आलेल्याने काय पाहावं ते मला येत नाही. तुमच्या घरी कोणी माझ्यासारखा डबा आणला, तर त्याचं कुलूप जरूर पक्कं करा. पण ज्या माणसांच्या दिशेने त्याचा डोळा लावणार असाल, त्यांना आधी विचारा. आम्हाला विचारता येत नाही, आणि पाहिलेलं विसरताही येत नाही.

अंगण अजून रिकामं आहे. वच्छलाबाई आल्या की एंटर दाबतील की नाही, ते मला माहीत नाही. दाबलं तर मी अश्विनला आत घेईन. तोवर मी त्यांच्यासाठी थांबतो. या घरात प्रथमच मी त्यांचं ऐकतो आहे.