तिन्ही बटणांना एकच उत्तर

खेळातल्या माणसांना बोलायला लावणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. आई शेजारणींना सांगते की किशोरी कॉम्प्युटरवर गोष्टी लिहिते. गोष्टी कसल्या! पुण्यातली एक कंपनी राजे, राक्षस आणि जादूगारांचे मोबाइल गेम बनवते, आणि त्यातल्या मंडळींनी एकमेकांशी काय बोलायचं ते मी आचऱ्याजवळच्या आमच्या वाडीत, पडवीवर बसून लिहिते. खेळणाऱ्यासमोर बटणं येतात, प्रत्येकावर एकदोन शब्द. तो एक दाबतो आणि त्याचा वीर तोंड उघडतो. पुष्कळदा माणूस दाबतो एक समजून आणि वीर बोलतो भलतंच. यावरून मी दुसऱ्यांच्या खेळांना भरपूर नावं ठेवलेली आहेत.

आमच्या नव्या खेळात नदीच्या उतारावर एक म्हातारा राखणदार बसलेला असतो. वीर पलीकडे जाण्याआधी तो देवाला गाऱ्हाणं घालतो. ही कल्पना माझी. पुण्याच्या लोकांना ती फार आवडली, आणि आवाजासाठी मी बाबलीकाकांचं नाव सुचवलं. आमच्या वाडीचं गाऱ्हाणं तेच घालतात. जांभ्याच्या चौथऱ्यापुढे उभे राहून ते देवाशी बोलतात, मध्ये थांबतात, आणि मागची मंडळी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. तो होकार मिळाला की काकांचं बोलणं सगळ्या वाडीचं होतं. होकाराशिवाय गाऱ्हाणं पुढे सरकत नाही.

काका तयार झाले. आपल्या देवाचं नाव खेळात घेणार नाही, एवढं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"गाऱ्हाणा उगाच घालूचा नसता," ते म्हणाले. "देवाकडे कायतरी मागूक व्हया. काय मागू, सांग."

मी म्हटलं, तुमच्या मनाला येईल ते मागा. फोन त्यांच्यापुढे ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि आईने हाक मारली म्हणून आत गेले. परत आले तेव्हा काका टॉवेलने तोंड पुसत होते. होकार द्यायला कोणी नव्हतं, म्हणून मी जागा सोडून ठेवल्यात, त्या तू मागाहून भर, असं त्यांनी बजावलं. मी हो म्हटलं.

भरल्या नाहीत. शेवटच्या आठवड्यात कामाचा नुसता ढीग पडला होता. चार मिनिटांचं ते बोलणं मी पूर्ण ऐकलंही नाही. पहिली बारा सेकंदं ठेवली, त्यातल्या रिकाम्या जागा कापून टाकल्या. बटणं तीन होती: 'ऐका', 'नमस्कार करा' आणि 'पुढे चला'. तिन्हींसाठी वीराची वेगवेगळी वाक्यं हवी होती आणि माझं फक्त शेवटच्या बटणाचं वाक्य लिहून झालं होतं: 'पुरे कर, म्हाताऱ्या. तुझा देव बहिरा नाही.' पुण्यात त्यावर सगळे हसले होते, आणि मी शेफारले होते. तेच वाक्य मी तिन्ही बटणांना जोडून दिलं. कोणाच्या लक्षात येणार आहे, असं वाटलं. आळस, दुसरं काय!

खेळ बाहेर आला त्या सकाळी काका धुतलेला सदरा घालून आमच्याकडे आले. मी त्यांना खेळ नदीपर्यंत नेऊन दिला. त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला. राखणदार बोलू लागला, तसा त्यांचा चेहरा उजळला. मग ते जरासे थबकले, कारण खेळातले काका श्वास न घेता बोलत होते. बटणं आली. त्यांनी चष्मा नाकावर सारखा केला आणि जपून 'ऐका' दाबलं.

पुरे कर, म्हाताऱ्या, वीर म्हणाला. तुझा देव बहिरा नाही.

"मी 'ऐका' दाबलंय मां गो?"

त्यांनी खेळ पुन्हा मागे न्यायला सांगितलं. मी नेला. या खेपेला त्यांनी बोट सदऱ्याला पुसलं, बराच वेळ नेम धरला आणि पुन्हा 'ऐका' दाबलं. वीराने पुन्हा तेच सुनावलं.

"माझा बोट चुकता वाटता," काका ओशाळून हसले. "म्हाताऱ्या माणसांचा काम न्हय ह्या."

चूक माझी आहे, तिन्ही बटणांत तेच भरलंय, हे सांगायला किती वेळ लागला असता? मी त्यांना म्हटलं, हो काका, स्क्रीन फार नाजूक असते. आणि चहा आणायला उठले. स्वयंपाकघरात मला माझी इतकी लाज वाटली की कप विसळत उगाच उभी राहिले.

ते गेल्यावर मी पहिल्यांदा पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं. काकांनी माझ्यासाठीच मागितलं होतं. ह्या चेडवाक घर सोडून लांब जाऊचा लागू नये म्हणान तेना जां काय काम हातात घेतलेला आसा, तेका यश दी म्हाराजा. मग एक लांब जागा. त्या जागेत मागे आमच्या अंगणातला कावळा ओरडत होता आणि होकाराची वाट बघत बसलेल्या काकांचा श्वास ऐकू येत होता. मी रडले. पुण्याला फोन करून वाक्य काढायला सांगितलं. पुढच्या महिन्यात बघू, असं उत्तर आलं. काकांकडे जाऊन खरं सांगायचं रोज ठरवलं आणि रोज काहीतरी निमित्त काढलं.

चौथ्या दिवशी वाडीची राखण होती, म्हणजे वाडी राखणाऱ्या देवाला वर्षाचा मान द्यायचा दिवस. चौथऱ्यावर नारळ ठेवलेला, बाजूला पाय बांधलेला कोंबडा, पुढे पुरुष, मागे आम्ही बायका. काकांनी हात जोडले, गाऱ्हाण्याला सुरुवात केली आणि पहिल्या होकारासाठी थांबले. तेवढ्यात कुडाळला कॉलेजात जाणारा चंदन हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, पुरे कर, म्हाताऱ्या. त्याच्या दोस्तांना हसू आवरेना.

वडीलधारे भडकले. असलं बोलणं कुठून शिकलास म्हणून त्याला धारेवर धरलं. चंदन पुरता घाबरला.

"किशोरीच्या गेमात आसा ता," तो म्हणाला. "काकांचोच आवाज आसा. काय पण दाबा, तो हिरो ताच बोलता."

सगळी वाडी मागे वळून माझ्याकडे बघू लागली. आईसुद्धा. काय पण दाबा, ताच बोलता. हे काकांनीही ऐकलं होतं. तेही वळले. त्यांची नजर माझ्यावर क्षणभर थांबली. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. मग हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं आणि पुन्हा देवाकडे तोंड केलं.

"बा देवा म्हाराजा," त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, "आज तुझ्या जाग्यार जो काय वाकडो शब्द पडलो, तेची चूक माझी आसा. आवाज माझो, बोट माझा. चेडवाच्या माथ्यार ता घालू नको. पदरात घे, म्हाराजा."

आणि ते थांबले.

ती जागा माझ्यासाठी होती. नाही काका, असं म्हणायला ती पुरेशी होती. देव समोर होता, सगळी वाडी ऐकत होती, आणि शब्द लिहिणं हा तर माझा धंदा.

"व्हय म्हाराजा," मंडळी म्हणाली.

त्यांच्याबरोबर मीही म्हटलं.