अंबुबाईंचं फिरणं

अंबुबाईंचं डोकं रोज सकाळी जड व्हायचं. शेवटी हणमंतराव बायकोला डॉक्टर भीमाचार्यांकडे घेऊन गेले. दंडाला पट्टा बांधून डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला.

"वाढलाय. मीठ कमी करा आणि रोज भरभर चाला."

"दिवसभर घरात राबतेच की मी!"

"ते यात धरायचं नाही. मधे न थांबता, सलग चालायचं."

दुसऱ्या दिवशी त्या गवीपुरातल्या घरून शेजारच्या बसवनगुडीकडे निघाल्या. पिशवी नाही, पूजेचं ताट नाही. एकोणीसशे त्रेसष्ट साली बायका अशा उगाच चालत नसत. कोपऱ्यावरच्या देवाप्पा वाण्यानं विचारलं, "अक्का, कोण आजारी आहे?" पुढे चुलतजाऊ सोयराबाईंनी हात धरून घरात ओढलं, कॉफी पाजली आणि हळूच विचारलं, "घरी भांडण झालं काय गं?" त्याच आठवड्यात हणमंतरावांच्या कारखान्यातल्या रघुजींनी तर त्यांना बळेच घोड्याच्या जटक्यात बसवून घरी आणून सोडलं.

हणमंतराव वैतागले. "व्यायामच करायचा तर घरात कर!"

मग स्वयंपाकघराचं दार लावून सूर्यनमस्कार सुरू झाले. लुगडं पायांत अडकायचं. बाहेरून सासूबाई हाक मारायच्या, "आत काय पडलं गं?" दोरीवरच्या उड्या मारून पाहिल्या, तर खालचे भाडेकरू वर आले. महिन्यानं डॉक्टरांनी पुन्हा पट्टा बांधला. रक्तदाब जराही उतरला नव्हता.

घरी येताच अंबुबाईंनी पिशवी आपटली. "उद्यापासून तुम्ही बरोबर चला. मग कोणी विचारणार नाही."

हणमंतराव निघाले खरे, पण ओळखीचा माणूस दिसला की थांबायचे. कारखान्यातली बढती, पोरांची लग्नं, सगळं रस्त्यातच. अंबुबाई पदर आवळून बाजूला उभ्या. तिसऱ्या माणसापाशी त्यांचा धीर सुटला.

"तुम्ही बोला. मी चालले."

"अगं, थांब! लोक बघतायत!"

त्या थांबल्या नाहीत. कानशिलं तापली होती, पाय मात्र भराभर पडत होते. त्या दिवसापासून त्या एकट्याच जाऊ लागल्या. कोणी हाक मारली तर हात हलवायच्या आणि पुढे जायच्या. सोयराबाई रुसल्या, सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत.

दिवाळीनंतर डॉक्टर म्हणाले, "थोडा उतरलाय. अजून बराच आहे. चालणं सोडू नका."

"थोडाच?" अंबुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या सगळ्यांची नाराजी घेतली, आणि थोडाच?"