ओला जोड

खुब्याचा गोळा वाटाण्याएवढा, पारदर्शक नेलपॉलिशच्या थराने आता जरा जाड आणि चकचकीत झालेला. त्याने तो डोळ्यांजवळ नेला, फुंकर मारली आणि लांब मानेच्या प्लास्टिकच्या डायनोसॉरचा पाय जागेवर दाबला. टक्. बसला एकदाचा. हा पाय बायको आजारी पडायच्या आधीपासून ढिला होता, आणि असा लंगडा जीव परक्या घरी पाठवायचा म्हणजे... मुलीला सासरी पाठवताना तरी मी एवढा विचार केला होता का?

“बाबा, डायनोसॉरला नेलपॉलिश?” मुलगी दारात उभी होती, हातात जुनी वर्तमानपत्रं. “शाळेत असताना मला आईने एकदाही लावू दिलं नाही. या मेल्यांना मात्र थरावर थर!”

“तुझे गुडघे ढिले नव्हते.”

ती हसली आणि वर्तमानपत्रं जमिनीवर पसरू लागली.

काचेचं कपाट बायकोचं. उतारवयात तिला हे खूळ लागलं होतं. पिळले, दुमडले की डायनोसॉरचे यंत्रमानव होत, आणि या खणातले पाच एकमेकांत अडकवले की एक मोठा यंत्रमानव उभा राहत असे. तो दिवसभर लोकांच्या भिंती रंगवून घरी यायचा, नखांत रंग तसाच, आणि बघत बसायचा – मान छातीत गेली, शेपटी फाटून दोन हात झाले – कसं झालं ते त्याला कधी कळलं नाही. नेलपॉलिश मात्र तोच आणून द्यायचा. चष्म्याच्या दुकानातला एक माणूसही असलीच खेळणी जमवायचा, त्याच्याशी ती फोनवर तासन्‌तास बोलायची, आणि मध्येच असं खळखळून हसायची की पलंगावर पडल्या पडल्या याच्या मनात यायचं, हे हसू माझ्या वाट्याला का येत नाही...

शेवटी दवाखान्यात म्हणाली, “पाच जण एकत्र राहू देत. त्या चष्मेवाल्यालाच दे. ताटातूट करू नकोस.” तो हो म्हणाला. तेव्हा कशालाही हो म्हणाला असता. आणि आता एवढंच हवं होतं की कपाट रिकामं व्हावं, तो माणूस लवकर यावा, लवकर जावा, आणि दार लावून पडता यावं. झोपूनही न जाणारा हा थकवा कुठे ठेवायचा ते तरी कुणी सांगावं.

चष्मेवाला दुपारी आला, खोकी घेऊन. एकेकाला हळूच पिळून, वळवून बघू लागला. लांब मानेच्याशी येऊन थांबला.

“काका, हा जाम झालाय.”

“आत्ताच लावलं मी... तिच्यासारखंच.”

“लगेच बसवलात? काकू तो पाय सुटा करून बशीत वाळत ठेवायच्या, पार दुसऱ्या दिवसापर्यंत.”

“कमाल आहे!” मुलगी म्हणाली. “ओल्या भिंतीला बोट लावलं म्हणून मला किती बोललात, आणि स्वतः रंगारी असून...”

त्याला कान गरम झाल्यासारखे वाटले. चष्मेवाल्याने पाय जरासा फिरवला आणि प्लास्टिकवर पांढरी रेघ उमटली. तो लगेच थांबला. “जोर केला तर तुटेल. मोठ्याचा डावा पाय याचाच होतो, काका. याच्याशिवाय तो उभा राहायचा नाही. तरी म्हणत असाल तर चार नेतो, हा राहू दे तुमच्याकडे.”

राहू दे. किती सोपं. उशाशी ठेवता येईल. कुणी विचारणार नाही, आणि जिने विचारलं असतं ती...

“नाही,” तो म्हणाला. “पाची जण जातील. तिने सांगितलंय.”

“मग बसतो. वेळ लागेल.” चष्मेवाल्याने खिशातून बारीक पेचकस काढला, मांडी घातली, खेळणं उपडं केलं. “असं अडकलं की काकू फोनवर त्याला शिव्या घालायच्या.”

“कसल्या?”

“‘मेल्या, अगदी माझ्या नवऱ्यावर गेलायस,’ म्हणायच्या. ‘आतून पक्का चिकटलेला, आणि वरून कळू देत नाही.’ मग जे काही हसायच्या...”

मुलीने वर पाहिलं. ते हसू त्याने पलंगावरून कितीदा ऐकलं होतं, आणि दर वेळी कूस बदलली होती.

पहिला स्क्रू निघाला. जोड अजून घट्टच. चष्मेवाला त्यावर वाकला होता, आणि हा समोर बसून ती बोटं बघत होता. जोड सुटू नये असं नव्हे, सुटायलाच हवा होता... पण इतक्यात नको.

“अजून काय म्हणायची?” त्याने विचारलं.