वर पडताना

लिफ्ट पडते ती खालीच, असं ज्यांना वाटतं ते सुखी लोक. लिफ्ट दुरुस्त करणारा मिस्त्री त्यांच्यातला नव्हता. लिफ्ट वरसुद्धा पडते हे त्याला ठाऊक होतं, आणि ज्याला नको तेवढं ठाऊक असतं त्याच्या पोटात भीतीनं कायमचं बिऱ्हाड केलेलं असतं. म्हणून त्याचा एक नियम होता: बिघडलेल्या लिफ्टकडे जिन्यानं जायचं.

त्या संध्याकाळी हा नियम सासूबाईंनी मोडला.

सासूबाई म्हणजे मिस्त्रीच्या बायकोची आई. बायको गेली, त्यानंतर घरात ही दोनच माणसं उरली होती. कोण कोणाला सांभाळतं याचा निकाल अजून लागायचा होता. भाजीत मीठ किती इथपासून देव आहे की नाही इथपर्यंत सगळ्यावर त्यांचं वाजायचं, आणि दोन्ही वादांत आवाज तेवढाच चढायचा.

झालं असं, की एका जुन्या इमारतीतून निरोप आला. लिफ्ट मजल्यावर थांबत नाही, हातभर पुढे जाऊन थांबते. मिस्त्रीनं ऐकता क्षणी ओळखलं की गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीतल्या ब्रेकवर तेल गळतंय, पट्टे बुळबुळीत झालेत. नवे पट्टे पिशवीत टाकून तो निघाला, तर सासूबाई आधीच चप्पल घालून दारात. त्यांची प्रार्थनासभा त्याच इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर भरायची. आता ती इमारत इतकी जुनी आणि इतकी उंच, की वर पोचेस्तोवर कबुतरंसुद्धा मधल्या कठड्यावर टेकून दम खात.

"आई, या लिफ्टनं नको," खाली पोचल्यावर मिस्त्री म्हणाला. "पट्टे बदलतो, मग न्यायला येतो."

"तोवर सभा उरकेल."

"मग हळूहळू जिना चढू."

"माझ्या गुडघ्यांचे पट्टे आहेत का पिशवीत?" असं म्हणत सासूबाई आत शिरल्या आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या. "या आत. स्वतःच्या यंत्रावर भरवसा नाही, आणि मला विचारतात, देवावर कसा ठेवता."

माणसाला मरण परवडतं, पण सासूपुढे भित्रा ठरणं परवडत नाही. मिस्त्री आत गेला. जाळीचं दार ओढलं.

चौथा मजला मागे पडला आणि दिवे गेले. लिफ्ट गचका खाऊन उभी राहिली. समोर दार नाही, नुसती भिंत.

मिस्त्रीनं फोनचा उजेड केला. सासूबाईंनी चष्मा सावरून भिंतीवरची पाटी वाचली. आत अडकल्यास या क्रमांकावर कळवा. त्यांनी आपला फोन काढून नंबर दाबला. मिस्त्रीच्या हातातला फोन वाजायला लागला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"उचला की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मी इथेच आहे."

"म्हणजे आता कोणी यायचं राहिलं नाही?"

मिस्त्रीनं अग्निशमनवाल्यांना लावला. निघतो म्हणाले. निघतो म्हणजे अजून बसलेत, हे कोणालाही कळतं. वरच्या सभेतल्या कोणालाही फोन लागेना. सभेत फोन बंद ठेवायचे, हा नियम सासूबाईंनीच भांडून करून घेतला होता.

तेवढ्यात मिस्त्रीला समोरच्या भिंतीवरचं कोळ्याचं जाळं दिसलं. ते त्याच्या छातीसमोर होतं. बघता बघता ते पोटापाशी आलं. मग गुडघ्यापाशी.

त्यानं जाळी दोन्ही हातांनी धरली.

"आई, अजिबात हलू नका."

"मी कुठे हलतेय? लिफ्टच हलतेय. वर चालली आहे. बरंच झालं की."

बरं काय झालं होतं ते मिस्त्रीलाच माहीत. लिफ्ट म्हणजे तराजू. दोराच्या एका टोकाला माणसांचा डबा, दुसऱ्या टोकाला लोखंडाचं वजन. डबा निम्मा भरला की दोन्ही पारडी सारखी. डब्यात दोनच माणसं, त्यातली एक नुसती हाडं आणि जीभ, मग लोखंड भारी पडणार. ते खाली जाणार, डबा वर. धरून ठेवायला फक्त ब्रेक, आणि ब्रेक तेलात पोहतोय. आत्ता मुंगीच्या पावलानं चाललंय. पट्टे घासून तापले की पकड सुटेल, लोखंड धाडकन खाली जाईल, आणि हा डबा वरच्या स्लॅबवर असा आदळेल की आतली माणसं ओळखायला नातेवाईक बोलवावे लागतील.

तो हे काही बोलला नाही. त्यानं पिशवी काखेत घट्ट धरली. तरी तिच्यातले नवे पट्टे एकमेकांवर आपटून खुळखुळ वाजू लागले.

वरून गाण्याचा आवाज आला. आधी अगदी पुसट, मग थोडा स्पष्ट. सभा सुरू झाली होती.

"ऐकू येतंय?" सासूबाई म्हणाल्या. "जवळ येतंय."

येत होतंच. दर कडव्याला स्लॅब जवळ येत होता. इतकं सुरेल गाणं ऐकून इतका घाबरलेला माणूस त्या इमारतीत याआधी झाला नसेल.

"तुम्ही प्रार्थना करा," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही करताय तेवढी पुरे."

"दोन माणसांचं वजन वेगळं पडतं."

"आई, ती पलंगावर पडून होती तेव्हा किती माणसांनी केली होती?" मिस्त्री म्हणाला. "खोली भरली होती. ती उठणार, उठणार, सगळे म्हणत होते. मी तिचे बूट पुसून पलंगाखाली ठेवले होते. आशेचा दोर मी एकदा वापरून बघितलाय. तो तुटतो."

सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"ते बूट मी अजून पुसते," त्या म्हणाल्या. "माझी पण मुलगीच होती ती."

समोर भिंत संपली. पाचव्या मजल्याचं बाहेरचं दार वरून खाली सरकत आलं. मिस्त्रीनं किल्ली घालून ते उघडलं, जाळी ढकलली. मजल्याची फरशी त्याच्या कमरेशी आली, मग गुडघ्याशी.

"उठा आई. मी म्हणेन तेव्हा पाय टाका."

सासूबाई उठायला लागल्या. त्यांचं उठणं म्हणजे जुन्या घडीच्या खुर्चीचं उघडणं, एक सांधा मोकळा झाला की दुसरा अडणार. त्या उभ्या राहीपर्यंत फरशी लिफ्टच्या तळापासून खाली सरकली होती, खाली काळी फट उघडायला लागली होती. आता पाय टाकला असता तर पाय तिथेच राहिला असता. मिस्त्रीनं त्यांना मागे बसवलं.

एक माणूस मात्र अजून उडी मारू शकत होता. त्याचे गुडघे चांगले होते. पण तो उतरला की डबा आणखी हलका होणार, आणि स्टुलावर बसलेली म्हातारी एकटी वर जाणार, दगड सुटावा तशी.

मिस्त्रीनं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय पुढे गेला होता. त्यानं पाठवला नव्हता. तो आपला आपण निघाला होता.

सासूबाई बघत होत्या. त्या 'जा' म्हणाल्या नाहीत, 'थांबा' पण म्हणाल्या नाहीत. एवढी बोलकी बाई, पण नेमक्या त्या वेळी तिनं त्याला काहीच सोपं करून दिलं नाही.

त्यानं पाय मागे घेतला. फट मोठी झाली, फरशी खाली बुडाली, पुन्हा भिंत सुरू झाली. मिस्त्रीला रडू आलं, आणि ते चांगुलपणाचं नव्हतं, संधी गेल्याचं होतं.

वरचं गाणं थांबलं. मग जिन्यात पावलं वाजली. सासूबाई कधी उशिरा येत नसत, तेव्हा त्या का आल्या नाहीत हे बघायला सभेतली माणसं खाली उतरत होती.

सहाव्या मजल्याचं दार दिसू लागलं तेव्हा जाळीपलीकडे ती माणसं उभी होती. पुढे हलकेभाऊ. हे बेकरीवाले. हलके हे त्यांचं नाव नव्हे, लोकांची चेष्टा. वजनकाट्यावर उभे राहिले तर काटा एक फेरी मारून पुन्हा शून्यावर यायचा, असं म्हणत. त्यांच्यामागे शिंपीणकाकू, आणि मागे सुईसारखे बारीक पाळकसाहेब, सभा चालवणारे.

मिस्त्रीनं दार उघडलं. हलकेभाऊंनी लगेच हात पुढे केला. "या, ओढून घेतो."

"ओढू नका. एक माणूस कमी झालं तर ही सुटेल."

"मग काय करू?"

काय करायला हवं ते मिस्त्रीला पक्कं माहीत होतं. पण याच लोकांना तो आजवर काय म्हणत आला होता? देवाची वाट बघत सामान बांधून फलाटावर बसलेत, गाडीचा पत्ता नाही. त्यांच्याकडे हे कोणत्या तोंडानं मागायचं?

"बोला ना," सासूबाई म्हणाल्या. "फरशी चालली खाली."

"वजन पाहिजे," तो म्हणाला. "आत."

बाहेर कोणी हललं नाही.

"आत म्हणजे आम्ही यायचं?" शिंपीणकाकूंनी विचारलं.

"हो."

"आणि तरी नाही थांबली तर?"

"तर तुम्ही पण आत."

हलकेभाऊंचं तोंड मैद्यासारखं पांढरं पडलं. त्यांनी चौकट धरली. "आयुष्यभर लोक मला लिफ्टमधून उतरवत आलेत," ते म्हणाले. "आज पहिल्यांदा कोणीतरी चढ म्हणालं, आणि तेही असं." त्यांनी डोळे मिटून पाय आत टाकला. डबा कण्हला, दोर कुरकुरले. वेग कमी झाला. पण डबा थांबला नाही.

शिंपीणकाकू आल्या. हलकेभाऊंची बाही त्यांनी घट्ट धरली. मग पाळकसाहेब आले, स्टुलाजवळ उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बाई, मी फार घाबरलोय."

"जागा आहे," सासूबाई म्हणाल्या. "घाबरा."

डबा थांबला. फरशीच्या वीतभर वर, हवेत. कोणी मोठ्यानं श्वास घेईना.

आता मिस्त्रीला वर जायला हवं होतं. दोर दुसरं कोण बांधणार? पण तो उतरला की तराजू पुन्हा कलणार. त्यानं ते सांगितलं. जिन्याच्या पायरीवर गाणाऱ्या दोघी बहिणी उभ्या होत्या. त्या एकमेकींकडे पाहून आत आल्या, आणि तेव्हा कुठे मिस्त्री फटीवरून अंग बाजूला काढत बाहेर उतरला.

वळून पाहिलं. जाळीआड दाटीवाटीनं चेहरे, फोनच्या उजेडात निळे पडलेले.

"परत याल ना?" हलकेभाऊंनी विचारलं. लहान मूल विचारतं तसं.

"येतील," सासूबाई म्हणाल्या. "जा तुम्ही. आम्ही वाट बघतो."

मिस्त्री जिना चढत सुटला. वाट बघणाऱ्याची भीती त्याला पाठ होती. ज्याची वाट बघतात, त्याची आज कळत होती. ती जास्त जड होती.

गच्चीवरच्या खोलीत अंधार आणि जळक्या तेलाचा वास. मोठ्या चाकावरून दोर खाली गेलेले. त्यानं पिशवीतून दोर आवळून धरायचा शिकंजा काढला, लावायला घेतला, तर तेलकट बोटांतून त्याचा बोल्ट निसटला आणि तेलाच्या थारोळ्यात गेला. मिस्त्री गुडघ्यांवर बसून चाचपू लागला. दोर ज्या भोकातून खाली जात होते तिथून आवाज वर येत होता. त्याला वाटलं होतं, ते गात असतील. कोणी गात नव्हतं. नुसता श्वासांचा आवाज, आणि हलकेभाऊंचं पुटपुटणं. "लवकर ये. लवकर ये रे बाबा. लवकर." हे देवाला चाललं होतं की मिस्त्रीला, कळायला मार्ग नव्हता.

"आलो, आलो," मिस्त्री तेलात हात घालून म्हणत राहिला. तोही कोणाला म्हणत होता कोण जाणे.

बोल्ट सापडला. शिकंजा बसला. त्यानं अंगाचा जोर लावून आवळला, मग पुन्हा आवळला, मग भोकाला तोंड लावून ओरडला, "उतरा."

तो सहाव्या मजल्यावर आला तेव्हा सगळे तसेच उभे होते.

"उतरा म्हणालो होतो ना?"

"ऐकलं," पाळकसाहेब म्हणाले. "पण पहिलं कोणी उतरायचं ते ठरेना. न जाणो, उरलेल्यांचं काय होईल."

मग मिस्त्रीनं एकेकाचा हात धरून उतरवलं. दर माणसागणिक सगळे दोरांकडे बघत. डबा हलला नाही. हलकेभाऊ उतरले आणि जिन्यात बसून ढसाढसा रडले.

आत सासूबाई राहिल्या, स्टुलावर. उठायचा प्रयत्न करीत होत्या, पण जमेना, आणि ते गुडघ्यांमुळे नाही, त्यांचं सगळं अंगच थरथरत होतं. मिस्त्री पुन्हा आत गेला. शिकंजा त्यानंच आवळला होता, तरी आत पाऊल टाकण्याआधी त्यानं वर दोरांकडे बघून घेतलं. तो त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"तुम्ही घाबरला होतात, आई?"

"मग काय नाचत होते? पहिल्यापासून घाबरलेय." त्यांनी नाक पुसलं. "पण वर चाललो होतो ना. मला वाटलं, चला, आज तिची भेट होणार."

"मला पण," मिस्त्री म्हणाला.

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं की आपण काय बोललो. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. एरवी देवाच्या वादात एवढा मोठा मुद्दा हाती लागल्यावर त्यांनी तो सोडला नसता. आज सोडला. तेलानं माखलेला त्याचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला, आणि तोही उठायची घाई न करता तसाच बसून राहिला, एक कान वरच्या दोरांकडे ठेवून.