तीनदा धुतलेला पंप

टोमॅटोच्या पहिल्या सरीत पाऊल टाकलं आणि गिताबाई जागच्या जागी थिजली. काल संध्याकाळी शेंड्यांनी जरा मान टाकलेली दिसली होती, उन्हानं असेल म्हणून ती घरी गेली होती. आता तेच शेंडे एडक्याच्या शिंगांसारखे पिळवटून उलटे फिरले होते. पानं चिंध्यांसारखी अरुंद झाली होती. तिनं दुसरी सरी पाहिली, तिसरी पाहिली, मग पळतच सुटली. अर्ध्या एकरात एक झाड धड नव्हतं. रडू आलं नाही. डोकंच चालेना.

या तुकड्यानं तिला महिनाभर सुखाचा घास गिळू दिला नव्हता. मार्चात गारा पडल्या, वीस मिनिटांत वावर पांढरं झालं. गारा वितळायच्या आत गिताबाईनं मोडक्या फांद्या छाटल्या, आडवी झाडं सुतळीनं काठ्यांना बांधली. बाया म्हणाल्या, सोड आता नाद. ती कसली सोडते. झाडांनी नवी फूट धरली, तर आठवडाभर ढगाळ हवा आणि पानांच्या पाठीला मावा. बाजाराच्या दिवशी तळेगाव ढमढेऱ्याला जाऊन तिनं औषध आणलं आणि दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर घेऊन एकटीनं सगळं रान फवारलं. मावा गेला. त्यानंतर तीन दिवस तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

एवढा जीव टाकण्याचं कारण तिचा सासरा, हरिबा. उभा जन्म मेंढरांमागं फिरलेला माणूस. चराऊ रानं उसाखाली गेली, तेव्हा गिताबाईनंच हट्ट धरला होता, मेंढरं विका, विहिरीवरून पाइप आणू, भाजीपाला करू. नवरा हनुमंत पाटसच्या कारखान्यात हंगामी कामाला, त्यानं बायकोची री ओढली. मेंढरं टेम्पोत चढताना हरिबानं एकेकीच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून म्हातारा दारातल्या लिंबाखाली वावराकडं पाठ करून बसायचा. ती पाठ गिताबाईला रोज सलायची. तिनं मनाशी ठरवलं होतं, पहिला लाल टोमॅटो आबांच्या हातानं तोडायचा. त्यांनी तो तोडला, की मेंढरं विकल्याचं तिचं ओझं उतरणार होतं.

शेजारच्या उसाला पाणी देणारा सिद्दीक तिची हाक ऐकून आला. त्यानं एक शेंडा हातात धरून नीट पाहिला.

"बोकड्या पडला का, सिद्दीकभाई?"

"रोग न्हाई ह्यो, वहिनी. रोग साऱ्या रानाला एका टायमाला धरत न्हाई. ह्ये तणाच्या औषधानं झालंय, उसात मारतो ते. उसाला काय करत न्हाई, पर टोमॅटोची वाट लावतं. पंप कुणाचा हुता?"

"आमचाच. माव्याचं औषध भरलं त्यात, दुसरं काय न्हाई."

सिद्दीक तिच्याकडं न बघता लांबच्या बांधाकडं बघू लागला. तिनंही पाहिलं. त्या बांधावर कमरेएवढं गाजरगवत माजलं होतं. ते उपटून उपटून तिच्या हातांना कोपरापर्यंत पुरळ उठलं होतं. माव्याच्या गडबडीत तिचं तिकडं लक्षच गेलं नव्हतं. आज ते गवत वाळून आडवं पडलं होतं, आणि त्याचेही शेंडे असेच पिळवटलेले होते.

"आबांनी मागितलं माझ्याकडं," सिद्दीक हळू आवाजात म्हणाला. "तुम्ही बाजारला गेलता तवा. म्या बाटलीत दिलं. पंप येगळा घ्या, येवढं सांगायचं राहिलं माझ्याकडनं."

"म्या धुतला हुता की. राख लावून, तीनदा."

हरिबा मागं उभा होता. मेंढरं गेल्यापासून वावरात त्याचं हे दुसरंच येणं, आणि पहिलं गिताबाईला कळलंच नव्हतं.

"तुझं हात बघवंनात गं पोरी," तो म्हणाला. "चुलीम्होरं बसून खाजवायचीस. म्हटलं, आपुन येवढं तरी करावं. का, काय झालं?"

गिताबाईनं एक पिळवटलेला शेंडा त्याच्यापुढं धरला. सांगितलं ते सिद्दीकनं. "त्ये औषध राखेनं निघत न्हाई, आबा. थेंबभर ऱ्हायलं तरी पुरतं."

हरिबानं रानावरून एकदा नजर फिरवली, मग स्वतःच्या तळव्यांकडं पाहिलं.

"म्हंजी माझ्या हातानं?"

गिताबाईला राग आला होता. असा, की किंचाळावं, पंप विहिरीत फेकावा. पण म्हाताऱ्याच्या बोटांची सालं निघालेली तिला दिसली. औषध त्यानं उघड्या हातानंच कालवलं होतं. तिनं नुसती मान डोलावली.

"ह्यातलं एक बी न्हाई का वाचणार?"

"न्हाई, आबा. उपटावं लागंल सारं."

"मका लावा त्यात," सिद्दीक कसंबसं म्हणाला. "मक्याला काय होत न्हाई. बियाणं मी आणून देतो." आणि तो खाली मान घालून आपल्या उसात गेला.

गिताबाई पहिल्या सरीत वाकली. हरिबा शेजारच्या सरीत शिरला. पहिल्या झाडापाशी थांबून त्यानं पिळवटलेल्या शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सावकाश हात फिरवला, मग उपटलं. दुसऱ्यावरून हात फिरवला, उपटलं. टेम्पोत चढणाऱ्या मेंढरांवरून फिरवला होता, तसाच. गिताबाईनं ते पाहिलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना.